पिंपळाला जाळी

क्रूझला जायचं आत्यानं ठरवलं तेव्हा आमच्या घरात दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, या वयात म्हातारीला समुद्र झेपायचा नाही. दुसऱ्याचं म्हणणं, समुद्रालाच म्हातारी झेपायची नाही. मी दुसऱ्या तटात होते आणि तसं मोठ्यानं बोलले, म्हणून सोबत जायचं माझ्याच गळ्यात पडलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. निलंग्याजवळच्या खेड्यात वाढली, नर्सिंग शिकली आणि नांदेडच्या दवाखान्यात सगळी नोकरी काढली. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर 'वेळच न्हाई मिळाला' म्हणते, आणि ते इतक्या घाईत म्हणते की खरं वाटतं. निवृत्त झाल्यावर तिनं गल्लीतल्या बुद्धविहाराचा ताबा घेतला. ताबा हाच शब्द बरोबर आहे. समिती आहे, अध्यक्ष आहेत, सचिव आहेत. पण झाडू कुठं ठेवायचा इथपासून वर्षावासात ग्रंथ कोण वाचणार इथपर्यंत आत्या ठरवते आणि बाकीचे 'हाव' म्हणतात. मी लातूरला असते, अकरावी-बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवते. आमच्या गावात डॉक्टर घडवण्याचे क्लास पावलोपावली आहेत, त्यातल्या एकात माझा फळा.

आता जाळीचं सांगते, कारण सगळा प्रवास त्या जाळीपायी झाला. विहाराच्या अंगणात एक पिंपळ आहे, विहार बांधायच्या आधीपासूनचा. बुद्धाला पिंपळाखाली ज्ञान झालं म्हणून आमच्या लोकांना तो बोधिवृक्ष, आणि मागच्या गल्लीतल्या बायकांना तो शनिवारचा पिंपळ. त्या येतात, तेलाचा दिवा लावतात, बुंध्याला सूत गुंडाळतात. कुणाच्या नवऱ्याची दारू सुटावी, कुणाची लेक सासरी नांदावी. हळूहळू आमच्यातल्याही दोघी-चौघी अंधार पडल्यावर दोरा बांधून जाऊ लागल्या. ते आत्याला कळलं आणि भडका उडाला. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा आमच्या लोकांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या. देव, नवस, गंडेदोरे, सगळं त्या दिवशी सुटलं. "जे आपल्या गळ्यातून काढून फेकलं ते झाडाच्या गळ्यात कामून?" असं आत्यानं सभेत विचारलं.

मग ठरलं की बुंध्याभोवती माणसाच्या उंचीची लोखंडी जाळी बसवायची, तिला कुलूप लावायचं आणि किल्ली आत्याकडे. वेल्डिंगवाल्यानं जाळी करून आणलीसुद्धा आणि भिंतीला टेकवून ठेवली. पण मागच्या गल्लीशी वाकडं घ्यायला निम्मी समिती कचरत होती. तेव्हा आत्या म्हणाली, "लंकेत दोन हजार वर्सं धम्म हाय. तिथली माणसं झाड कसं राखतात ते बघून येते. फोटू आणते. मग तर पटंल?" सगळ्यांनी माना डोलावल्या. सभा संपली, जाळी भिंतीला टेकलेलीच राहिली. आत्या जे बघून येईल त्यावर ती उभी राहणार होती की भंगारात जाणार होती ते ठरायचं होतं. आत्याच्या मनात अर्थात ती कधीच उभी राहिली होती.

विमानानं का नाही, असं मी विचारलं होतं. तर म्हणाली, "सम्राटाची लेक बोधीची फांदी घेऊन लंकेला गेली, ती काय इमानानं गेली व्हती?" लातूरच्या एका टूरवाल्याची चेन्नईहून सुटणारी क्रूझ होती, लंकेच्या दोन बंदरांना लागून परत चेन्नईला येणारी. तीच धरली.

जहाजाविषयी फार सांगत नाही. ते एक मोठं लग्नघर होतं आणि त्यात नवरानवरी नव्हते. सकाळी न्याहारी, मग मधली न्याहारी, मग जेवण, मग गाणी, परत जेवण. आमच्या टूरमधली माणसं आपल्याकडचीच, निलंग्याचे खत-बियाण्यांचे दुकानदार, उदगीरचे डॉक्टर, अशी. पाव-लोणी बघून सगळ्यांनी पिशव्यांतून शेंगाची चटणी बाहेर काढली आणि जहाजावरच्या त्या गोऱ्यागोमट्या टेबलांवर लसणाचा वास सुटला. आत्यानं पहिल्या दिवशी जहाजाची पाहणी केली. जीवरक्षक जाकिटं मोजली नाहीत, पण हात लावून बघितली. स्वयंपाक्यांची नखं बघायची होती, ते कुणी जमू दिलं नाही. पहिल्या बंदरात सगळे समुद्रकिनाऱ्यावर लोळायला गेले. आत्या खिडकीशी बसून राहिली, म्हणाली, वाळू आपल्या मांजरा नदीतबी व्हती, आता न्हाई ते सोडा.

शेवटचं बंदर हंबनटोटा. तिथून परतीची वाट. टूरवाल्यानं सगळ्यांना जंगल सफारीच्या गाड्यांत बसवलं. आत्या म्हणाली, "हत्ती मी बघितलेत. मला झाड बघायचंय." टूरवाला वैतागला, जहाज चारला शिडी उचलतं, कुणासाठी थांबत नाही, उरलात तर जिम्मेदारी तुमची, असं त्यानं तीनतीनदा बजावलं. आम्ही बंदराच्या फाटकाबाहेर येऊन एक रिक्षा ठरवली.

रिक्षावाला पन्नाशीचा, पांढरा शर्ट, कपाळावर घाम. मी इंग्रजीत सुरुवात केली तर तो हिंदीत म्हणाला, "कहाँ जाते अम्मा?" कुवेतला पंधरा वर्षं गाडी चालवत होता आणि खोलीत बरोबर हैदराबादची पोरं होती, त्यामुळे त्याची हिंदी थेट आपल्या नांदेडच्या बाजारातली. आत्याचा चेहरा उजळला. परदेशात पहिल्यांदाच कुणीतरी तिला समजेल असं बोलत होतं.

"बडा विहार देखने का हमको," ती म्हणाली. "पुराना. और वो बोधी का झाड होना उसमें."

"हौ अम्मा, चलो. मैं भी बुद्ध का ही आदमी."

आत्यानं हात जोडले. त्यानं आरशातून बघत मान झुकवली. पुढचा तासभर दोघं नातेवाईक भेटल्यासारखे बोलत होते. तुमच्यात लग्न कोण लावतं, भंते की आणखी कुणी. मेल्यावर जाळता का पुरता. पोरांना वंदना पाठ असते का. मी मध्ये मध्ये झाडं बघत होते. नारळ, चिंच, मध्येच ओळखीची बाभूळ. रस्त्याकडेच्या तळ्यांत कमळं फुललेली आणि काठावर त्यांनी भरलेले हारे घेऊन बसलेल्या बायका. मला वाटत होतं, इतकं सगळं आपल्यासारखं कसं, आणि इतकं वेगळंही कसं.

विहार म्हणजे एक प्रचंड पांढरा स्तूप, त्याच्याभोवती वाळूचं अंगण. चपला बाहेर काढायच्या. बारा वाजून गेले होते आणि वाळू तव्यासारखी तापली होती. मी अक्षरशः उड्या मारत चालले. आत्या मात्र पांढरी साडी नीट सावरून, पाय भाजत असताना तोंड न हलवता, सावकाश गेली. तिथली सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत होती. आम्हीसुद्धा वंदनेला पांढरंच घालतो. त्या अंगणात आत्या कुणाला परकी वाटली नाही, आणि निळ्या पंजाबी ड्रेसातली मी मात्र वाटले.

स्तूपाच्या पायथ्याशी बायकांचा एक घोळका बसला होता आणि एक तरुण भिक्खू म्हणत होते, "बुद्धं सरणं गच्छामि." आत्या थबकली. पुढची ओळ बायका म्हणू लागल्या आणि आत्याही म्हणू लागली. चाल वेगळी होती. आमच्याकडे शेवटचा शब्द वर जातो, तिथं खाली उतरत होता. पण शब्द तेच. घोळक्यातल्या एका बाईनं मागे बघितलं, सरकून जागा केली. आत्या बसली. पाच शीलं संपेपर्यंत ती मांडी घालून, डोळे मिटून म्हणत राहिली. नांदेडच्या गल्लीतली बाई आणि हंबनटोट्याकडची बाई, एकमेकींची भाषा न येणाऱ्या, एका सुरात. मला भरून आलं. आत्यालाही आलं असणार, कारण उठल्यावर ती म्हणाली, "बगितलंस? आपलं बराबर हाय." शाळेचा निकाल लागल्यावर आई म्हणते तशी.

मग रिक्षावाल्यानं बोधिवृक्षाकडे नेलं. लांबूनच आत्यानं माझा दंड धरला.

"बग. जाळी हाय."

खरंच होती. दगडी चौथरा, त्यावर पिंपळ, आणि पिंपळाभोवती सोनेरी रंग दिलेला लोखंडी कठडा. आत्याची चाल बदलली. ती पुढं, मी मागं. "फोटू काढ, इथूनच काढ. जाळी नीट आली पायजे." मी दोन फोटो काढले. मग आम्ही जवळ गेलो, आणि जवळ गेल्यावर दिसलं की त्या कठड्यावर चिंध्या बांधायला बोटभर जागा उरलेली नव्हती.

पांढऱ्या, पिवळ्या, तांबड्या चिंध्या. झेंड्यांच्या माळा. काही चिंध्यांत नाणं गुंडाळून गाठ मारलेली. चौथऱ्याभोवती माणसं मातीची मडकी आणि प्लास्टिकच्या घागरी छातीशी धरून फेऱ्या मारत होती आणि फेऱ्या झाल्या की मुळांशी पाणी ओतत होती. एका बाजूला पत्र्याच्या मांडवात शेकडो पणत्या, खोबरेल तेलाचा वास, काळवंडलेले कडप्पे. आमच्या पिंपळाखाली शनिवारी जे चोरून चालतं ते इथं उजेडात, भिक्खूंच्या देखत चाललेलं होतं.

"ये कायकू बांधे?" आत्यानं विचारलं. आवाज दवाखान्यातला, राउंडच्या वेळचा.

"मन्नत अम्मा. किसी का परीक्षा, किसी का शादी. किसी का बीमारी."

"और ये दिये?"

"शनि भारी रहता ना किसी किसी को. सात साल का. उसके वास्ते."

"शनी?" आत्या माझ्याकडे वळली. "साडेसाती? इथं?"

मला हसू आवरेना. मी तोंडावर दस्ती धरली. आत्यानं ते बघितलं आणि तिचा पारा आणखी चढला. पण त्या दिवसाचं अजून संपलं नव्हतं. बाजूला एक छोटी खोली होती, तिच्यापुढं फळांची ताटं घेऊन माणसं उभी. मी चौकशी करायला आत डोकावले आणि बाहेर आले. सांगावं की नको असा विचार करत होते, तोवर आत्या स्वतःच दारात पोचली. आत निळ्या रंगाचा, चार हातांचा विष्णू उभा होता.

आमच्या बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच जी आहे, तिच्यात हे नाव आहे. आत्यानं ती लहानपणी म्हटली, मोठेपणी दुसऱ्यांकडून म्हणवून घेतली. ती दारातून मागे फिरली आणि सावलीच्या पारावर जाऊन बसली.

मी रिक्षावाल्याला विचारलं, विहारात हा कसा? वादासाठी नाही, मला खरंच कळून घ्यायचं होतं. त्याला प्रश्नच नवा होता. थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, बुद्धाकडे मागायचं नसतं. बुद्ध गेले, निर्वाण झालं, ते कुठून देणार? त्यांना फक्त नमस्कार. पण माणसाला मागायचं तर असतंच ना, मग ते इकडे. त्यानं खोलीकडे बोट दाखवलं. दोन्ही कामं त्याच्या डोक्यात वेगवेगळ्या खिडक्यांवरची होती आणि त्याला त्यात काही खटकत नव्हतं. मला ते चूक वाटलं आणि लबाडी मात्र वाटली नाही. वर्गात पोरं मला विचारतात तेव्हा मी म्हणते, आधी बघा काय आहे, मग सांगा काय असायला पाहिजे. तेव्हा आत्याला तसं सांगायची हिंमत नव्हती. मी पाण्याची बाटली घेऊन तिच्याजवळ जाऊन बसले.

"रिकाम्या हातानं जायचं आता," ती म्हणाली. "कोणता फोटू दाखवू त्यांना? लांबूनचा?"

"लांबूनचा दाखव की. जाळी दिसतीय त्यात."

"खोटं दाखवू?"

एवढं मात्र खरं की आत्याला लांबूनचा फोटो दाखवून सभा जिंकता आली असती. आणि तिच्या मनात ते येऊन गेलं असणार, कारण तिनं माझ्याकडे जरा जास्तच रागानं बघितलं.

तेवढ्यात एक तरुण बाई आमच्याशेजारी येऊन टेकली. पांढरा झगा, कडेवर वर्षा-दीड वर्षाचं पोर, हातात पांढरी चिंधी. पोर किरकिरत नव्हतं, नुसतं दमलेलं दिसत होतं. आत्यानं आधी पोराकडे बघितलं, मग त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि नखं बघितली. नखं निळसर होती. तिनं ओठ बघितले. मग रिक्षावाल्याला हाक मारली.

"पूछो इनको, बच्चे का दिल दिखाए क्या डॉक्टर को?"

रिक्षावाला मधे उभा राहून दोन्हीकडचं बोलत राहिला. हो, दाखवलं. हृदयाला भोक आहे. कोलंबोच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलंय, पुढच्याच आठवड्यात. आत्या विचारत गेली. दूध पितं का, पिताना थांबतं का, निळं पडतं तेव्हा गुडघे पोटाशी घेता का त्याचे. ती बाई एकेक उत्तर देत गेली. तिला सगळं माहीत होतं, सगळं ती करत होती. आत्याचं समाधान झालं. आणि मग तिच्यानं राहवलं नाही.

"सब बराबर कर रहे. फिर ये चिंधी कायकू?"

रिक्षावाल्यानं विचारलं. बाईनं पोराकडे बघत दोनच वाक्यं म्हटली. तो आत्याला सांगताना जरा अडखळला.

"बोल रहे, ऑपरेशन डॉक्टर करते. तब तक मैं क्या करूँ, बोल रहे."

ती बाई उठली, एका हातानं पोर सांभाळत कठड्याशी गेली आणि एकाच हातानं गाठ मारायला बघू लागली. चिंधी दोनदा सुटून खाली पडली. पोर घसरत होतं. तिसऱ्यांदा चिंधी पडली तेव्हा आत्या पारावरून उठली. तापल्या वाळूतून चालत गेली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले.

मला वाटलं चिंधी मागतेय. तिनं पोर घेतलं. नर्स घेते तसं, डोकं दंडावर, गुडघे वर. आणि ती बाई दोन्ही हात मोकळे झाल्यावर नीट, घट्ट, दोन गाठी मारून मोकळी झाली. मग घागर भरून आणायला गेली. तिच्या फेऱ्या होईपर्यंत आत्या त्या पोराला घेऊन पिंपळाखाली उभी होती. पिंपळ आमच्याच पिंपळासारखा सळसळत होता, वारा नसताना. पोरानं आत्याच्या पदराचा काठ मुठीत धरला आणि तोंडात घातला. आत्यानं तो काढून घेतला नाही.

पोर परत देताना तिनं त्या बाईच्या डोक्यावर हात ठेवला आणि मराठीत म्हणाली, "व्हईल नीट. लई चांगले असतात आता डॉक्टर." रिक्षावाल्याला तिनं याचं भाषांतर करू दिलं नाही.

मग मला म्हणाली, "काढ फोटू. जवळून काढ. चिंध्यांसकट."

निघायला उशीर झाला होता. रिक्षावाला जोरात सुटला. बंदराजवळ माझ्या फोनला रेंज आली तेव्हा आत्यानं तो जवळचा फोटो समितीच्या सचिवांना पाठवायला सांगितला. खाली काय लिहू, मी विचारलं.

"लिव, इथं असं हाय. जाळी बसवू नका. बायका दिवा लावतात त्याला पत्र्याचा आडोसा करा, झाडाची साल जळती."

सचिवांचं उत्तर लगेच आलं. नुसतीच प्रश्नचिन्हं, चार-पाच. मी ती आत्याला दाखवली. ती बाहेर बघत होती.

"आत्या, तुला पटलं हे सगळं?" मी विचारलं. "शनी, विष्णू?"

"येडी का काय तू. चिंधीनं पोरगं वाचत न्हाई. मला कुणी शिकवू नये ते. मी लई पोरं बघितली, वाचलेलीबी आन् गेलेलीबी."

मी फोन पिशवीत टाकला. मला वाटलं बोलणं संपलं.

"तुझ्या बापाच्या आधी माझ्या पाठीवर एक भाऊ व्हता," आत्या म्हणाली. "तुला कुणी सांगितलं नसंल. धम्म घेतल्याच्या दुसऱ्या वर्सी त्याला गवर निघाला. गवर म्हंजी देवी आली म्हणायचे तवा. शेजारच्या बाया मायला म्हणल्या, लिंबाचा पाला बांध, चिंधी बांध, पाणी घाल देवीला. दादा म्हणले, माझ्या घरात आता ते चालणार न्हाई, दवाखान्यात न्यायचं." दादा म्हणजे माझे आजोबा. "बैलगाडी केली. माय पोराला घेऊन मधी, मी मागं. मायनं लुगड्याच्या काठाची चिंधी फाडून घेतली व्हती. सगळ्या रस्त्यानं ती तिच्या मुठीत. बांधली न्हाई. दादा बघून राहिले व्हते."

"मग?"

"मग काय. निलंगा यायच्या आधीच गेला तो. चिंधी मुठीतच राहिली."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "दादांचं चुकलं म्हणत न्हाई मी. नुकतेच सगळं टाकून आले व्हते. त्यांला वाटलं आसंल, एक दोरा आत येऊ दिला तर मागनं सगळे येतील. आले बी असते. दवाखान्याकडंच नेलं ना त्यांनी. त्यांच्यामुळंच मी नर्स झाले. पण माय जन्मभर म्हणायची, मी त्याच्यासाठी कायच केलं न्हाई. लेकरू मांडीवर घेऊन एवढा रस्ता गेली, आन् म्हणायची, मी कायच केलं न्हाई." ती थांबली. "बांधू द्यायला पायजे व्हतं. पोरगं गेलंच असतं. पण तिला बांधू द्यायला पायजे व्हतं."

आजीला मी चांगली ओळखत होते असं मला वाटायचं. तिच्या मांडीवर मी झोपलेय, तिच्याकडून गोष्टी ऐकल्यात, मेली तेव्हा तिच्या उशाशी होते. ही गोष्ट तिनं मला कधी सांगितली नाही. वडिलांना तरी माहीत होती की नाही, देव जाणे, असं म्हणायची सोय आमच्या घरात नाही, पण माझ्या मनात तेच शब्द आले. मला आजीचा फार राग आला आणि लगेच फार माया आली.

पुढं जहाज दिसू लागलं. शिडी अजून खाली होती.

"आत्या, नाव काय होतं काकाचं?"

तिला आठवावं लागलं नाही, पण उच्चारायला वेळ लागला. तिनं सांगितलं. साधंच नाव होतं, आमच्याकडे गल्लीगल्लीत सापडेल असं. मी ते एकदा मोठ्यानं म्हणून बघितलं, आणि ते ऐकून आत्याला रडू कोसळलं. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलेलं नव्हतं. मी तिचा हात धरला.

रिक्षावाल्यानं फाटकाशी गाडी थांबवली आणि मागे वळून बघितलं. तो घाबरला.

"क्या हुआ अम्मा? कायकू रो रहे?"

"कुछ नहीं बाबा," आत्या म्हणाली. "भाई का नाम लिए. भोत बरस हुए थे."